बीपीचं मशीन घेण्याआधी दंड मोजा

चाळिशीनंतरच्या तपासणीत बीपी थोडं जास्त निघतं आणि डॉक्टर सांगतात, "घरी मोजून नोंद ठेवा, मग बघू." त्यानंतर मशीनची शोधाशोध सुरू होते. बहुतेक जण पडदा केवढा आहे, ब्लूटूथ आहे का, आकडे बोलून दाखवतं का एवढंच बघतात. त्यामुळे हे परीक्षण एका विशिष्ट कंपनीच्या मशीनचं नाही. दंडावर पट्टा बांधून मोजणारं डिजिटल मशीन घेताना काय तपासायचं आणि त्याच्याकडून खरा आकडा कसा काढायचा, हा इथला विषय आहे. मत आधीच सांगून टाकतो: मध्यमवयात घरात एकच वैद्यकीय उपकरण घ्यायचं असेल तर ते हे. मात्र त्याची किंमत वसूल होते ती योग्य मापाच्या पट्ट्यामुळे आणि नीट बसून मोजल्यामुळे. बाकीच्या सोयी गौण आहेत.

या वयात ते लागतं, कारण वाढलेलं बीपी बहुतेकदा कळतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काम सुरू असतं. वय वाढतं तशा मोठ्या धमन्या ताठ होत जातात आणि वरचं बीपी वर सरकत राहतं. खालचं साधारण पन्नाशीपर्यंत वाढतं, पुढे हळूहळू उतरायला लागतं. म्हणून "खालचं नॉर्मल आहे ना" हा दिलासा साठीच्या आसपास फारसा कामाचा नसतो. शिवाय दवाखान्यातलं एक मोजमाप दोन्ही बाजूंनी फसवू शकतं. काहींचं बीपी डॉक्टरांसमोरच वाढतं आणि घरी व्यवस्थित असतं. काहींचं नेमकं उलट असतं: दवाखान्यात छान, घरी किंवा कामाच्या ठिकाणी चढलेलं. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तिथे उपचार सुरूच होत नाहीत. घरी शिस्तीने घेतलेल्या नोंदींमुळे हे दोन्ही प्रकार उघडे पडतात.

मशीन नेमकं काय मोजतं

पट्टा फुगतो आणि दंडातली धमनी दाबून बंद करतो. मग हवा हळूहळू सुटू लागते (काही मॉडेल फुगतानाच मोजतात). धमनीतून रक्त पुन्हा वाहू लागलं की प्रत्येक ठोक्याला पट्ट्यातल्या हवेत बारीक कंप उठतो. पडद्यावर आकडा उतरत असतो, तेव्हा लुकलुकणारं हृदयाचं चिन्ह त्या कंपांचंच असतं. कंप वाढत जातात, एका जागी सर्वांत मोठे होतात आणि मग विरतात. सर्वांत मोठ्या कंपाच्या वेळचा दाब म्हणजे धमनीतला सरासरी दाब. त्यावरून वरचा आणि खालचा आकडा मशीन स्वतःच्या सूत्राने काढतं आणि ते सूत्र प्रत्येक कंपनी गुप्त ठेवते.

इथेच खरेदीचा पहिला निकष ठरतो. सूत्र बाहेरून तपासता येत नाही, म्हणून ते मॉडेल माणसांवर पडताळलेलं असायला हवं. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ ८१०६०-२, त्याची सुधारित आवृत्ती २०१८ ची. त्यानुसार किमान ८५ व्यक्तींवर, प्रशिक्षित निरीक्षकांनी स्टेथोस्कोपने घेतलेल्या मोजमापाशी मशीनची तुलना होते. सरासरी फरक ५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत आणि प्रमाण विचलन (म्हणजे फरक सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचं माप) ८ च्या आत असावं लागतं. अशा पडताळलेल्या मॉडेलांची यादी 'स्ट्राइड बीपी' या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. यादीत कंपनीचं नाव शोधून थांबू नका. मॉडेलचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. एका कंपनीचं एक मॉडेल पडताळलेलं असलं म्हणून तिचं दुसरं मॉडेलही असेलच असं नाही. खोक्यावरची सुरक्षिततेची चिन्हंही या पडताळणीची जागा घेऊ शकत नाहीत. विजेच्या दृष्टीने सुरक्षित असणं वेगळं, आकडा बरोबर येणं वेगळं.

मनगटावरची मशीन सुटसुटीत दिसतात, पण मनगट हृदयाच्या पातळीला नेमकं धरलं तरच त्यांचा आकडा खरा. हात थोडा खाली गेला तरी आकडा वाढतो. दंड फार जाड किंवा शंकूसारखा असल्यामुळे कुठलाच पट्टा नीट बसत नसेल, तरच डॉक्टरांशी बोलून मनगटाच्या मशीनचा विचार करावा. बोटावरची घेऊ नयेत. पट्ट्याविना बीपी सांगणाऱ्या घड्याळांवरही औषधाचा निर्णय सोपवू नये. त्यातली बरीचशी वेळोवेळी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात. म्हणजे मूळ मशीन घरात लागतंच! पाऱ्याच्या उपकरणांचा काळ मिनामाता करारानंतर (पाऱ्याचा वापर कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) सरत आला आहे. तबकडी आणि काट्याचं उपकरण स्टेथोस्कोप लावून स्वतःच्याच दंडावर वापरणं कठीण जातं, आणि धक्का लागला की त्याचा काटा सरकतो.

पट्टा

परीक्षणाचा खरा गाभा हा आहे. मशीन पाहण्याआधी शिवणकामाची टेप घ्या. हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि मध्यावर खूण करा. मग हात सैल सोडा आणि त्या खुणेवर दंडाचा घेर घ्या. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. स्नायू ताठ केला तर घेर एखाद-दोन सेंटिमीटरने वाढतो आणि नेमकं तिथेच माप चुकतं.

बहुतेक मशीनसोबत येणारा मधल्या मापाचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. मोठा ३२ ते ४२ साठी, आणि काही मॉडेलांसोबत २२ ते ४२ असा रुंद पल्ल्याचा मिळतो. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, म्हणून पट्ट्यावर छापलेलंच माप धरा. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० ते १०० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के असावी, असा नियम आहे. मध्यमवयात वजन वाढलेलं असतं, दंडही भरलेला असतो. घेर ३३ किंवा ३४ निघाला तर सोबतचा पट्टा तुमच्यासाठी लहान आहे. ओढूनताणून तो बसतो, मशीन आकडाही दाखवतं, पण तो आकडा तुमचा नसतो.

लहान पट्टा आकडा फुगवतो, कारण धमनी दाबायला त्याला जास्त हवा लागते. मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो. फरक किरकोळ नसतो. २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागत होता त्यांना मधला बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी जवळपास २० ने जास्त आला. मोठा लागणाऱ्यांना मधला बांधला तर सुमारे ५ ने जास्त. २० चा फरक म्हणजे ज्याला गोळीची गरज नाही त्याला गोळी सुरू होण्याएवढा.

घेर ३१ किंवा ३२ असा सीमेवर असेल तर रुंद पल्ल्याचा पट्टा घ्या. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळी बसते म्हणून जोडू नका. सूत्र आणि पट्टा यांची पडताळणी जोडीने झालेली असते. घरातल्या दोघांच्या दंडांत बराच फरक असेल तर मशीन एक आणि पट्टे दोन, ही सर्वांत चांगली व्यवस्था. पट्टा सुटा मिळतो का, हे मशीन घेण्यापूर्वीच विचारा. नंतर व्हेल्क्रो सैल पडलं की तोच प्रश्न पुन्हा येतो.

बसणं, बांधणं, बटण

टेबल आणि पाठ असलेली खुर्ची हवी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वर जातो. पाठ टेकवा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. मग पाच मिनिटं शांत बसा, फोन बाजूला ठेवून. ही पाच मिनिटं सर्वांत जास्त वेळा गाळली जातात आणि पहिला आकडा अवाजवी येण्याचं नेहमीचं कारणही हेच असतं.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. कपड्यावरून नको. बाही वर गुंडाळून तिचा दंडावर करकचून वेढा होत असेल तर तो हात बाहीतून काढूनच घ्या. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असावी. धमनीची खूण, म्हणजे बहुतेक पट्ट्यांवरचा बाण किंवा रेष, दंडाच्या आतल्या बाजूला यायला हवी. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतकाच घट्ट. सैल असेल तर फुगताना तो फुगवटा धरतो आणि आकडा बिघडतो किंवा चूक झाल्याचं (एरर) चिन्ह येतं.

हात टेबलावर, तळवा वर आणि बोटं सैल. पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याशी समपातळीत. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. पट्टा हृदयापेक्षा जितका खाली, तितका आकडा वर, दर सेंटिमीटरला पाऊणेक मिलिमीटर. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबकळत ठेवला तर सुमारे साडेसहाने जास्त आला. सोफ्यावर रेलून, हात मांडीवर ठेवून घेतलेल्या नोंदींवर औषधाचा डोस ठरत असेल तर हा फरक लक्षात घ्यावाच लागतो.

बटण दाबल्यावर बोलू नका, कुणाच्या प्रश्नाला मानही हलवू नका. बोलण्याने आकडा दहाच्या घरात वाढू शकतो. पट्टा एकदा फुगून थांबतो आणि पुन्हा फुगतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पहिला दाब अपुरा पडल्यामुळे मशीन तो वाढवत असतं. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर पट्टा सैल आहे का ते पाहा. पहिलं मोजमाप झालं की एक मिनिट थांबा, दुसरं घ्या, दोन्ही लिहा. "हा जरा जास्त वाटतो" म्हणून मनासारखा आकडा येईपर्यंत बटण दाबत राहू नये. त्यातून निवडून लिहिलेली वही डॉक्टरांची दिशाभूल करते.

अगदी पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्यावर आकडा सातत्याने जास्त, तो दंड पुढे कायम वापरा. दोन्हींच्या वरच्या आकड्यांत पुन्हा पुन्हा १० पेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांना सांगा. एका बाजूच्या धमनीत अडथळा असण्याची ती खूण असू शकते.

नोंद आणि तिचा अर्थ

डॉक्टरांना दाखवण्याआधीचे सात दिवस मोजा. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवी झाल्यावर, न्याहारी आणि गोळीच्या आधी दोन वेळा. संध्याकाळी किंवा झोपण्याआधी दोन वेळा. पहिल्या दिवसाच्या नोंदी सोडून द्या, नव्या यंत्राच्या धाकाने त्या वाढीव येतात. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे होतात. वरच्या आकड्यांची सरासरी आणि खालच्या आकड्यांची सरासरी वेगवेगळी काढा. एखादा १५२ आणि एखादा ११८ यांनी चित्र बदलत नाही. सात दिवस जमले नाहीत तर निदान तीन हवेत.

घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त म्हणजे उच्च रक्तदाब, असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं धरतात. दवाखान्यातल्या १४०/९० ला हा घरचा आकडा समांतर आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ पासून ही रेषा १३०/८० वर आणली आहे. तुमचे डॉक्टर कोणती रेषा धरतात हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर उपचारांचं लक्ष्य वेगळं असू शकतं.

वहीत आकड्यांशेजारी औषधांचा एक रकाना जरूर ठेवा. या वयात गुडघे आणि पाठ दुखायला लागते आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सहज घेतल्या जातात. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या काही औषधांचा परिणामही कमी करतात. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रीनसारख्या गोळ्या आणि स्टेरॉइड यांनीही आकडा वाढतो. एका आठवड्यात बीपी अचानक का वर गेलं, याचं उत्तर अनेकदा या रकान्यातच सापडतं.

नवी गोळी सुरू झाल्यावर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मशीनचा वेगळा उपयोग करा. पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. उभं राहून मोजताना हात हृदयाच्या पातळीला आधारावर ठेवा, जवळ कुणाला तरी थांबवा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर लगेच कळवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आकडा १८०/१२० च्या पुढे दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा घ्या. तेवढाच राहिला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा अशक्तपणा, बोलणं अडखळणं किंवा दिसायला त्रास होणं यांतलं काहीही असेल तर तातडीने रुग्णालय गाठा. लक्षणं नसतील तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घरात असलेली दुसऱ्या कुणाची गोळी घेऊन आकडा झटक्यात उतरवायला जाऊ नका, दाब एकदम कोसळणंही धोक्याचं असतं.

मशीनच्या खोड्या

सर्वांत जास्त कुरबुर सेलमुळे होते. सेल उतरले की पट्टा रेंगाळत फुगतो, मध्येच थांबतो, एररचं चिन्ह येतं. सर्व सेल एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे बदला. मशीन बरेच दिवस पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलमुळे आतली पट्टी गंजते. अडॅप्टर कंपनीने सांगितलेलाच वापरा. सेल काढल्यावर अनेक मॉडेलांतलं घड्याळ शून्यावर जातं. ते पुन्हा लावलं नाही तर सकाळ-संध्याकाळच्या नोंदींचा घोळ होतो.

दोन वापरकर्त्यांच्या वेगळ्या नोंदी ठेवण्याची सोय पती-पत्नी मिळून वापरत असतील तर खरंच उपयोगी आहे, बटण दाबण्याआधी आपलं खातं निवडलं तरच. मशीन आपोआप तीन मोजमापं घेऊन सरासरी देत असेल तर तीही चांगली सोय, कारण निवडून लिहिण्याचा मोह राहत नाही. ब्लूटूथ नसलं तरी काही अडत नाही.

फुगतानाच हवेचा फुसकारा येत असेल तर आधी नळीचा खुंटा मशीनमध्ये पूर्ण बसला आहे का पाहा, मग नळीच्या वाकणाऱ्या जागी भेग शोधा. नळी मशीनभोवती करकचून गुंडाळून ठेवण्याने ती तिथेच फाटते. पट्ट्याचं कापड ओलसर फडक्याने पुसा. धुवायचं असेल तर कंपनीच्या सूचना पाहा आणि आतल्या पिशवीत पाणी जाऊ देऊ नका.

वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात घेऊन जा. त्याच दंडावर, त्याच बैठकीत, एक तुमचं एक त्यांचं अशी आलटून पालटून मोजमापं घ्यायला सांगा. सरासरीतला फरक ५ च्या आत असेल तर ठीक, १० च्या वर असेल तर आधी पट्टा आणि मग मशीन बदला. मधला असेल तर पुन्हा तपासा.

ठोके अनियमित असल्याचं चिन्ह एखाद्या वेळी हात हलला तरी उमटतं. शांत बसूनही ते वारंवार येत असेल तर नाडी तपासून घ्या आणि ईसीजी काढा. या वयानंतर वाढत जाणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराची, ती पहिली खूण असू शकते. तो विकार असलेल्यांमध्ये प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा असतो आणि घरच्या मशीनचा आकडा इकडेतिकडे होतो. त्यांनी तीन मोजमापांची सरासरी धरावी आणि अधूनमधून डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्यावं.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा डायलिसिससाठी हातात फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) असेल, तर त्या बाजूच्या दंडावर पट्टा बांधू नये. गरोदरपणात त्यासाठी वेगळं पडताळलेलंच मॉडेल हवं. आणि आकडा पाहून धडधड वाढते, म्हणून पुन्हा मोजलं जातं, म्हणून आणखी वाढते, अशा चक्रात जे अडकतात त्यांनी घरचं मोजणं डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यापुरतंच ठेवावं किंवा २४ तास पट्टा बांधून ठेवण्याची तपासणी होते का ते विचारावं. मधल्या काळात मशीन कपाटात राहिलं तरी चालेल.